धंदेशिक्षणाची फी : भरावी कशी, राखावी कशी?

मृगाचा पाऊस पडून गेला, रानात तिफणी सुरू झाल्या, की आमच्या बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत आणखी एका पेरणीची धांदल उडते. ही पेरणी मुलांच्या शिक्षणाची होय. दहावीचा निकाल लागलेला असतो. कोणाला फिटर व्हायचे असते, कोणाला विजेचे काम शिकायचे असते, एखाद्या मुलीला परिचारिकेचा अभ्यासक्रम घ्यावयाचा असतो. अशा दिवसांत पुष्कळ पालक मजसारख्या शिक्षकाच्या दारी येतात आणि एकच प्रश्न विचारतात, “सर, पैसे भरू का?” या प्रश्नाचे उत्तर एके काळी मी फार घाईने दिले होते. त्या घाईची किंमत मी दिली नाही, माझ्या एका विद्यार्थ्याने दिली. आजचे भाषण म्हणजे त्या चुकीची थोडीशी परतफेड आहे असे समजावे.

हा मुलगा भालकी तालुक्यातील दोन एकर कोरडवाहू जमिनीच्या शेतकऱ्याचा. हुशार नव्हता, पण हात चलाख होता. बंद पडलेली मोटार उघडून पुन्हा चालू करण्यात त्याला आनंद वाटे. एका खाजगी प्रशिक्षण संस्थेत त्याला इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मिळाला. दोन्ही वर्षांची फी एकदम भरल्यास पाच हजारांची सूट, असे संस्थेने सांगितले. वडील विचारावयास आले, तेव्हा मीच म्हणालो, “सूट मिळते आहे तर भरून टाका.” त्यांनी दुभती म्हैस विकली, उरलेली रक्कम गावातील सावकाराकडून आणली, आणि शेहेचाळीस हजार रुपये रोख मोजले. पावती म्हणून हाती आली ती एक साध्या कागदाची चिठ्ठी. दहावीची मूळ गुणपत्रिका ‘जमा’ म्हणून संस्थेने ठेवून घेतली. दिवाळीनंतर उमगले की संस्थेला मान्यता होती ती फिटरच्या वर्गाची, इलेक्ट्रिशियनच्या वर्गाची नव्हतीच. वर्ग बंद झाला. मुलाचे वडील माझ्यासमोर बसले आणि एवढेच बोलले, “तुमी म्हणलाव म्हनून भरलो, सर.” त्या वाक्यात राग नव्हता. राग असता तर मला ते सोसावयास सोपे गेले असते.

या प्रसंगानंतर मी हा विषय शिकावयास बसलो. जे शिकलो ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घेऊ. आपण घर बांधावयास काढतो, तेव्हा गवंड्याला सगळी मजुरी पहिल्या दिवशी देत नाही. जोते झाले की एक हप्ता, भिंती उठल्या की दुसरा, असा व्यवहार ठरतो. पाडव्याला सालगडी ठेवताना मालक त्याला उचल देतो, तेव्हा चार माणसांसमोर कागद करतो. ऊसतोडीच्या टोळीला मुकादम उचल देतो, तीही लिहून घेऊनच. उचल याचा अर्थ, काम होण्यापूर्वी दिलेला पैसा. जो उचल देतो तो जोखीम घेतो, म्हणून तो कागद मागतो. आता शाळेच्या फीकडे या दृष्टीने पाहा. दोन वर्षांचे शिक्षण पुढे मिळावयाचे आहे आणि पैसा आज जातो आहे. म्हणजे फी ही संस्थेने विद्यार्थ्याकडून घेतलेली उचलच होय. परंतु या एकाच व्यवहारात उचल देणारा हात जोडून उभा असतो आणि घेणारा खुर्चीवर बसलेला असतो. कागद मागण्याचे धैर्य देणाऱ्याला होत नाही. साऱ्या अडचणीचे मूळ येथे आहे.

दुसरे मूळ आपल्या भागाच्या शेतीत आहे. प्रवेशाची मुदत जून-जुलैत येते. त्या वेळी घरातील होता-नव्हता पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. मूग-उडीद घरात यावयाचे भाद्रपदाच्या सुमारास, सोयाबीन दसरा-दिवाळीला, आणि ज्या तुरीसाठी कलबुर्गीचे नाव देशभर झाले ती तूर मार्गशीर्ष-पौषात. म्हणजे ज्या महिन्यात फी मागितली जाते, नेमक्या त्याच महिन्यात शेतकऱ्याची पेटी रिकामी असते. मग जनावर विकणे किंवा सावकाराचे दार, हे दोनच मार्ग दिसतात. अशा वेळी संपूर्ण फी एकरकमी भरून मिळणारी सूट ही सूट राहत नाही. सावकाराच्या व्याजात ती केव्हाच बुडून जाते.

तिसरे कारण आपल्या भूगोलाचे आणि इतिहासाचे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि जुना बीदर जिल्हा वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मराठी मुलखाकडे गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आला. राज्ये निराळी झाली, तरी सोयरिकी आणि बाजारहाट तुटले नाहीत. आजही औरादचा मुलगा उदगीरला शिकावयास जातो, आणि अक्कलकोटकडचा मुलगा कलबुर्गीस येतो. २९ ऑक्टोबर २०१७ रोजी बीदर-कलबुर्गी लोहमार्ग सुरू झाल्यापासून या दोन जिल्ह्यांतील येणेजाणेही सोपे झाले. परंतु शिष्यवृत्ती, दाखले आणि मान्यता यांचे नियम राज्याच्या सीमेवर बदलतात. मराठीतून शिकलेल्या पालकाला कर्नाटकातील परिपत्रक कन्नडमधून वाचावे लागते. जे कागद वाचता येत नाहीत त्यांवर विश्वासाने अंगठा उमटतो, आणि पैसा तेथेच निसटतो.

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळू. पहिला उपाय पैसे भरण्यापूर्वीचा आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे ज्याला आपण सर्वजण आय्‌टीआय म्हणतो, ती योजना भारत सरकारने १९५० साली सुरू केली. तिची मान्यता समजून घेताना पुष्कळांची गफलत होते. संस्थेच्या दारावर ‘मान्यताप्राप्त’ अशी पाटी असली म्हणजे आतील प्रत्येक वर्ग मान्य आहे असे नव्हे. मान्यता ही व्यवसायवार आणि तुकडीवार दिलेली असते. फिटर आणि इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे व्यवसाय, वेल्डर एका वर्षाचा. यांपैकी प्रत्येकास, आणि त्याच्या प्रत्येक तुकडीस, स्वतंत्र मंजुरी लागते. मंजुरी नसलेल्या तुकडीतील मुलगा अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेस बसू शकत नाही, आणि त्या परीक्षेवाचून राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळत नाही. मग दोन वर्षे हातोडी चालवूनही रेल्वेत किंवा वीज कंपनीत त्याच्या शिक्षणास किंमत राहत नाही. कोणत्या संस्थेस कोणत्या व्यवसायाची मान्यता आहे याची माहिती केंद्राच्या प्रशिक्षण महानिदेशालयाच्या संकेतस्थळावर सर्वांस पाहता येते. गावातील कोणत्याही कॉलेजच्या मुलाच्या मोबाइलवर हे काम दहा मिनिटांत होते. माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ती दहा मिनिटे मी खर्च केली नाहीत. तंत्रनिकेतन असेल तर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता पाहावी, आणि परिचारिकेचा अभ्यासक्रम असेल तर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे चौकशी करावी.

याच ठिकाणी सरकारी संस्थांचाही विचार व्हावा. सरकारी आय्‌टीआयची फी खाजगी संस्थेच्या मानाने अगदी अल्प असते. कर्नाटकातील १५० सरकारी आय्‌टीआय सुमारे ४,६०० कोटी रुपये खर्चून आधुनिक यंत्रसामग्रीने सुसज्ज करण्यात आल्या आणि जून २०२२ मध्ये त्यांचे लोकार्पण झाले. ‘सरकारी म्हणजे जुनाट’ हे मत बनवण्यापूर्वी एकदा आत जाऊन यंत्रशाळा पाहावी. शिवाय घटनेच्या ३७१ (जे) या कलमाने बीदर, कलबुर्गी आणि शेजारच्या जिल्ह्यांतील शिक्षणसंस्थांत व धंदेशिक्षणाच्या संस्थांत स्थानिक विद्यार्थ्यांसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूद केली आहे. ही घटनादुरुस्ती २०१२ साली संसदेने मंजूर केली. येथे एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो. या सवलतीचा निकष जन्म किंवा रहिवास हा आहे, मातृभाषा नव्हे. आपले घर मराठी बोलते म्हणून आपला हक्क उणा होत नाही. पात्रतेचा दाखला मात्र वेळेवर काढून ठेवला पाहिजे. तसेच महाराष्ट्रातील तंत्रशिक्षणाच्या प्रवेशनियमांतही विवादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. दोन्ही दारे उघडी असताना तिसऱ्याच दारी म्हैस विकण्याची पाळी का यावी?

दुसरा उपाय पैसे भरतानाचा. याबाबत कायदा काय म्हणतो ते पाहू. कर्नाटकात १९८४ साली आणि महाराष्ट्रात १९८७ साली देणगीशुल्क घेण्यास बंदी करणारे कायदे झाले. घेतलेल्या रकमेची अधिकृत पावती देणे हे संस्थेवर बंधनकारक आहे. पुढे २००२ साली टी. एम्. ए. पै प्रतिष्ठानच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, खाजगी संस्थेस आपल्या वाढीसाठी वाजवी शिल्लक ठेवता येईल, परंतु नफेखोरी आणि देणगीशुल्क यांस थारा मिळणार नाही.

यापेक्षाही आपल्या विषयाशी जवळचा निकाल पुढच्याच वर्षी लागला. १४ ऑगस्ट २००३ रोजी इस्लामिक अकॅडमी ऑफ एज्युकेशन विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आगाऊ फीचा प्रश्न हाताळला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : संस्थेने एका सत्राची किंवा एका वर्षाचीच फी घ्यावी. विद्यार्थी मध्येच सोडून जाईल अशी भीती असेल, तर फार तर हमीपत्र किंवा बँकेची हमी मागावी. पुढील वर्षांची फी आधीच घेतली असेल, तर ती राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत ठेवावी. जसजसे वर्ष येईल तसतशी त्या वर्षापुरती रक्कम काढावी. आणि अभ्यासक्रमाच्या अखेरीस त्या ठेवीवरील व्याज विद्यार्थ्यास द्यावे. हा प्रश्न खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांच्या संदर्भात उपस्थित झाला होता, तेव्हा गल्लीतील प्रत्येक लहान प्रशिक्षण वर्गास तो जसाच्या तसा लागू पडेल असे मी म्हणत नाही. परंतु त्यातील तत्त्व कोणत्याही पालकास सांगता येईल इतके सरळ आहे. जे शिक्षण अजून दिले गेले नाही, त्याचा पैसा अजून विद्यार्थ्याचाच आहे. संस्था ही त्या पैशाची राखणदार आहे, मालक नव्हे.

यावरून पालकांनी पाळावयाचे नियम आपोआप निघतात. फी वर्षाची किंवा सत्राची भरावी, संपूर्ण अभ्यासक्रमाची भरू नये, मग सूट कितीही मोठी असो. पैसा रोख न देता संस्थेच्या नावे असलेल्या बँक खात्यात भरावा. एखाद्या व्यक्तीच्या खात्यात किंवा एजंटाच्या मोबाइलवर भरू नये. पावतीवर संस्थेचे नाव, शिक्का, पावती क्रमांक, विद्यार्थ्याचे नाव, व्यवसाय आणि कोणत्या कालावधीची फी, एवढे लिहिलेले असावे. प्रवेश रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील हे आधीच लेखी घ्यावे. तंत्रशिक्षण परिषदेचा नियम येथे आपल्या मदतीस येतो. अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी विद्यार्थ्याने माघार घेतल्यास प्रक्रियाशुल्क म्हणून जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकीची फी परत करावी, असे त्या परिषदेने आपल्या मान्यताप्राप्त संस्थांना बजावले आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूळ गुणपत्रिका व दाखले पडताळणीसाठी दाखवावेत, तेथे ठेवू नयेत. पैसा अडकला तर एक वर्ष अडते. मूळ कागद अडकले तर पुढचा प्रत्येक दरवाजा अडतो.

तिसरा उपाय पैसा उभा करण्याचा. सावकाराच्या आधी बँकेचे दार ठोठवावे. धंदेशिक्षणासाठी निराळी कर्जयोजना आहे. ‘कौशल्य कर्ज’ या नावाने २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत पाच हजारांपासून दीड लाखापर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळण्याची सोय होती. जुलै २०२४ मध्ये ही मर्यादा साडेसात लाखांपर्यंत वाढवण्यात आली. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर काही महिन्यांनी सुरू होते. या कर्जाचा आणखी एक लाभ आहे, आणि तो व्याजाच्या दराहून मोठा आहे. बँक फीचे पैसे थेट संस्थेस देते, तेही टप्प्याटप्प्याने, आणि देण्यापूर्वी संस्थेची मान्यता तपासून पाहते. म्हणजे बँकेचा कारकून नकळत आपला पहारेकरी होतो. एखाद्या संस्थेचे नाव ऐकून बँकेने मान हलवली, तर तो नकार अपमान न मानता इशारा समजावा.

शिष्यवृत्तीविषयी दोन शब्द. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ज्या राज्यात विद्यार्थी शिकतो त्या राज्याकडे मागावयाची नसते. ज्या राज्याचा तो रहिवासी आहे त्या राज्याकडे मागावयाची असते. औरादचा मुलगा उदगीरला शिकत असेल, तर त्याचा अर्ज कर्नाटकाकडे जाईल. हे ठाऊक नसल्यामुळे सीमेवरील मुले दोन्ही राज्यांच्या खिडक्यांमध्ये हेलपाटे घालतात आणि मुदत संपते. २०२१ पासून या शिष्यवृत्तीतील केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. ही सुधारणा चांगली आहे, परंतु तिने घरावर नवी जबाबदारी टाकली आहे. खात्यात आलेली रक्कम पोळ्याच्या किंवा दसऱ्याच्या सुमारास आली, की ती घरची वाटू लागते. ती घरची नसते, तिच्यात संस्थेची फी असते. विद्यार्थ्याचा पैसा संस्थेपासून जसा राखावयाचा, तसा कधी कधी तो आपल्या स्वतःच्या हातांपासूनही राखावा लागतो. ज्या घरात आई बचत गटात आहे त्या घरात मी हा पैसा अधिक सुरक्षित राहिलेला पाहिला आहे. दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकण्याची सवय त्या बायांच्या अंगवळणी पडलेली असते. मुलगा आठवीत गेला की दरमहा दोनशे रुपये पोस्टात टाकले, तरी दहावी संपेपर्यंत सात हजारांवर रक्कम होते. पहिल्या सत्राची फी भरावयास एवढा आधार पुरेसा ठरू शकतो.

इतके करूनही फसगत झाली तर? तर दाद मागण्याचा मार्ग दिसतो तितका सरळ नाही. जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने असा निर्णय दिला की, व्यावसायिक अभ्यासक्रम धरून शिक्षणसंस्था या ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाहीत; खाजगी शिकवणीवर्ग तेवढे येतात. या निर्णयाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील दाखल झाले. म्हणून आय्‌टीआयविषयीची तक्रार प्रथम राज्याच्या औद्योगिक प्रशिक्षण खात्याकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. त्याचबरोबर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. आम्हीही शेवटी त्याच दारी गेलो. तेथे पहिला प्रश्न आला, “पावती कोठे आहे?” आणि आमच्यापाशी ती साधी चिठ्ठीच होती.

हा प्रश्न एकट्या आपल्या मुलखाचा आहे असे मात्र कोणी मानू नये. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशात कोरिंथियन नावाची धंदेशिक्षण महाविद्यालयांची मोठी साखळी एप्रिल २०१५ मध्ये एकाएकी बंद पडली आणि सुमारे सोळा हजार विद्यार्थी रस्त्यावर आले. तिच्या जुन्या-नव्या विद्यार्थ्यांच्या डोक्यावरील कर्जे तेथील सरकारने २०२२ साली माफ केली. ती रक्कम ५८० कोटी डॉलर होती. इतर काही देशांनी आधीच शहाणपण दाखवले. सिंगापूरने २००९ च्या कायद्याखाली खाजगी संस्थांना विद्यार्थ्यांच्या फीस संरक्षण देण्याचे बंधन घातले. ऑस्ट्रेलियाने २०१२ साली परदेशी विद्यार्थ्यांसाठी शिक्षणशुल्क संरक्षण सेवा उभारली. तेथे संस्थांकडून वर्गणी घेतली जाते, आणि एखादी संस्था बंद पडली तर विद्यार्थ्यास दुसरीकडे जागा किंवा न वापरलेली फी परत मिळते. आपल्याकडेही मान्यता देताना प्रत्येक खाजगी संस्थेकडून अशा निधीत थोडी वर्गणी घेता येईल. पिकाला विमा आहे, जनावराला विमा आहे. मग ते जनावर विकून भरलेल्या फीला का नसावा?

तो निधी होईल तेव्हा होवो. तोवर आपण शिक्षकांनी एक गोष्ट करू शकतो. दरवर्षी दहावीच्या निकालाच्या आठवड्यात शाळेत पालकांची एक बैठक घ्यावी. तालुक्यातील मान्य व्यवसायांची यादी फळ्यावर मराठीत लिहावी, चांगल्या पावतीचा एक नमुना भिंतीवर लावावा, बँकेच्या एका अधिकाऱ्यास बोलवावे, आणि कन्नड परिपत्रक वाचून त्याचा अर्थ सांगावा. या कामास पैसा लागत नाही, एक दुपार लागते. आमच्या शाळेत हा प्रघात आता पडला आहे. तो पाडण्यास एका मुलाचे वर्ष खर्ची पडले, याची आठवण मी दरवर्षी त्या बैठकीत स्वतःच करून देतो.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. गुणपत्रिका चार खेपा घालून परत मिळाली. पैशांपैकी निम्मे तीन हप्त्यांत आले, निम्मे बुडाले. मधले वर्ष त्याने मोटारी गुंडाळण्याच्या एका दुकानात काढले, आणि पुढच्या जूनमध्ये सरकारी आय्‌टीआयत प्रवेश घेतला. आज त्याच्या हाती राष्ट्रीय प्रमाणपत्र आहे आणि पोटापुरते काम आहे. गेल्या उन्हाळ्यात धाकट्या भावाच्या प्रवेशासाठी तो माझ्याकडे आला. या खेपेस त्याने “पैसे भरू का?” असे विचारले नाही. मान्यतेचा कागद पुढे ठेवून तो म्हणाला, “सर, एवढं वाचून बघा, मग भरतो.”

श्रोतेहो, आपणही आपल्या गावच्या शिक्षकाकडे असाच कागद घेऊन जा, आणि त्याला वाचावयास लावा.